दाढेचें कोंदण

‘चणे आहेत तर दांत नाहींत’ ही म्हण वर्गांत समजावून देतांना आम्ही तिचा दोष नेहमीं दैवाच्या माथीं मारीत आलों. दैव देतें तें अवेळीं देतें, असा अर्थ फळ्यावर लिहिला कीं मास्तरांचें काम संपलें. परंतु गेल्या पौषांत आम्हांस असें दिसून आलें कीं, दांत जातात ते बहुधा दैवानें नव्हे, आपल्या आळसानें जातात. आणि कांहीं वेळां तर घराच्या जमाखर्चानें जातात. या शेवटल्या कारणाविषयीं आज लिहावयाचें आहे. पण आधीं घडलें तें क्रमानें सांगतों.

श्रीगोंदें तालुक्यांतील एका स्नेह्यांच्या शेतावर हुरड्याचें आमंत्रण होतें. आमच्या जिल्ह्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे. जुन्या जिभेला मात्र अजून नगर म्हणण्याचीच संवय आहे. नांव कोणतेंहि घ्या, थंडींत आगटीभोंवतीं बसून कोंवळ्या ज्वारीचीं भाजलेलीं कणसें हातावर चोळून खाणें हें येथलें खरें सुख. त्या सुखांत एक खडा निघाला. कट् असा आवाज झाला, आणि डाव्या बाजूच्या खालच्या दाढेची एक भिंत आमच्या तळहातावर आली. त्या दाढेंत तीस वर्षांपूर्वीं चांदी भरलेली होती. चांदी जागच्या जागीं राहिली होती. तुटला होता तो दांत.

घरीं आल्यावर रीतीप्रमाणें सभा भरली. धाकटे बंधु म्हणाले, “दादा, साठी उलटली. काढून टाका एकदांची. एका दाढेनें काय अडतें?” सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, आतां दाढ काढीत नाहींत, दुरुस्त करतात. एकदां दाखवून तरी या.” आमच्या सौभाग्यवती पडवींत तांदूळ निवडीत होत्या. त्या मान वर न करतां म्हणाल्या, “माझ्या दोन काढल्या, तेव्हां एवढी सभा भरली नव्हती.” यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. आम्हीहि बोललों नाहीं.

बंधूंच्या सल्ल्यांत त्यांचा दोष नाहीं. तो पिढीजात सल्ला आहे. दांत दुखला कीं उपटावयाचा, याखेरीज आपल्या आजोबांपुढें दुसरा मार्गच नव्हता. दंतवैद्यक शिकविणारें आपल्या देशांतील पहिलें विद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास काढलें. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ सालीं निघालें. आणि दंतवैद्यांची नोंदणी ठरविणारा कायदा १९४८ चा. तोंपर्यंत लहान गांवांत दांत म्हणजे आठवडेबाजाराला बसणाऱ्या चिमटेवाल्याचें गिऱ्हाईक. तो काळ गेला, त्याचा सल्ला मात्र घरांघरांतून राहिला आहे.

सूनबाईंचें ऐकून आम्ही नगरांतील एका दंतवैद्यबाईंकडे गेलों. त्यांनीं लहानसा आरसा तोंडांत धरला, एक छायाचित्र घेतलें आणि सांगितलें, “काका, मूळ शाबूत आहे, नसहि जिवंत आहे. वरची इमारत तेवढी पडली आहे. ती बांधतां येईल.” पुढें त्यांनीं अर्धा तास खर्चून जें समजावून दिलें, तें आमच्या समजुतीप्रमाणें वाचकांपुढें ठेवतों.

दांताचें बाहेरचें कवच, ज्यास एनॅमल म्हणतात, तें शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य होय, हाडाहूनहि कठीण. परंतु हाड मोडलें तर जुळून येतें; एनॅमल एकदां गेलें कीं तें पुन्हा उगवत नाहीं, कारण त्यांत जिवंत पेशी नसतात. त्याच्या आंत दंतिन नांवाचा मऊसर थर व त्याच्याहि आंत नस असते. दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर चार-पांच लहान शिखरें व त्यांमधून दऱ्या असतात. घांस दळला जातो तो या शिखरांनीं. कीड बहुधा दऱ्यांत किंवा दोन दाढांच्या फटींत लागते आणि आंतून पोंखरीत शिखरांच्या पायापर्यंत जाते.

आतां जुनी चांदी. चांदी हें नुसतें बोलण्यांतलें नांव. वस्तुतः तें चांदी, कथील व तांबें यांच्या भुकटीचें पाऱ्याशीं केलेलें मिश्रण, आणि त्यांत सुमारें निम्मा भाग पारा. तें स्वस्त व टिकाऊ खरें, पण दांताला चिकटत नाहीं. तें निसटूं नये म्हणून दंतवैद्य खळगा तोंडाशीं अरुंद व आंत रुंद कोरीत. त्यामुळें सभोंवतालच्या भिंती खालून पोकळ होत. खळगा लहान असेल तर त्यानें बिघडत नाहीं. मोठा असेल तर वर्षानुवर्षांच्या चावण्यानें भिंतीला तडा जातो, आणि एके दिवशीं हुरड्यांतला खडा निमित्त होतो.

अशा दाढेचें करावें काय? एक मार्ग, पुन्हा तोंडांतल्या तोंडांत भरणें. हल्लीं दांताच्या रंगाचें राळेसारखें द्रव्य भरून निळ्या प्रकाशानें कठीण करतात. लहान व मध्यम खळग्याला हा मार्ग उत्तम. परंतु हें द्रव्य कठीण होतांना किंचित् आकसतें. खळगा मोठा असला तर त्या आकसण्यानें कडेला बारीक फट पडण्याचें भय असतें. दुसरा मार्ग, टोपी घालणें, म्हणजे ‘कॅप’. ती मजबूत, पण ती बसावी म्हणून दाढ सर्व बाजूंनीं तासावी लागते. ज्यांनीं मोजमाप केलें आहे ते सांगतात कीं, संपूर्ण टोपीसाठीं दांताचा दिसणारा भाग दोन-तृतीयांशांहून अधिक खर्ची पडूं शकतो. पडलेली एक भिंत बांधण्यासाठीं उभ्या तीन भिंतीहि छिलावयाच्या, असा तो हिशेब.

या दोहोंमधला जो मार्ग, तोच आजचा विषय. खळग्याच्या अचूक मापाचा तुकडा तोंडाबाहेर घडवावयाचा आणि मग आणून बसवावयाचा. तुकडा शिखरांच्या आंतच राहिला तर त्यास ‘इन्ले’ म्हणतात. मोडलेलें शिखर झांकून त्याची जागा त्यानें घेतली तर ‘ऑनले’. आपल्या घरांतील स्त्रियांना हें समजावण्यास एक शब्द पुरे आहे : कोंदण. सोनार खड्यासाठीं कोंदण करतो. येथें कोंदण आधींच आहे, त्याच्या मापाचा खडा घडवावयाचा आहे, इतकाच फरक.

काम दोन खेपांत झालें. पहिल्या खेपेस सुई देऊन जागा बधिर केली, जुनी चांदी व तिच्याखालची कीड काढली, आणि खळग्याच्या भिंती वरच्या बाजूस किंचित् फांकत जातील अशा केल्या. असें कां, हें आम्हीं विचारलें. उत्तर ऐकून गुऱ्हाळाची आठवण झाली. गुळाची ढेप बादलींतून सुटते, कारण बादली तोंडाशीं रुंद व बुडाशीं अरुंद असते. उलट असती तर ढेप फोडूनच काढावी लागली असती. घडविलेला तुकडा अखंड आंत जावयाचा, तर खळगाहि बादलीसारखाच हवा. नंतर मऊ लगदा दाबून माप घेतलें, तात्पुरतें बूच बसविलें आणि आठवड्यानें बोलाविलें. कांहीं ठिकाणीं लगद्याऐवजीं लहानसा कॅमेरा तोंडांत फिरवून माप घेतात. दुसऱ्या खेपेस दाढ लाळेनें भिजूं नये म्हणून तिच्याभोंवतीं रबराचा पातळ पडदा लावला, तुकडा बसवून पाहिला, खास सिमेंटानें चिकटविला व प्रकाशानें पक्का केला. शेवटीं दांतांमध्यें रंगीत कागद धरून चावावयास सांगितलें, आणि जेथें ठिपका अधिक गडद उमटला तेथें घांसून सम केलें.

घडविण्याची ही विद्या कशी निघाली, हें कळल्यावर आमच्यांतल्या संस्कृत शिक्षकास स्वस्थ बसवेना. अमरकोशांत मेणाला मधूच्छिष्ट म्हटलें आहे. मधाचें उष्टें, तें मेण. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासां’त मूर्ति ओतण्याची कृति आहे. आधीं मेणाची मूर्ति करावी, तिच्यावर मातीचे थर द्यावे, वाळल्यावर तापवून मेण वाहून जाऊं द्यावें, आणि त्या पोकळींत वितळलेली धातु ओतावी. मेणाचें वजन करून त्यावरून धातु किती घ्यावी याचें प्रमाणहि दिलें आहे. आतां १९०७ सालाकडे या. अमेरिकेंत इलिनॉयमधील शिकागो शहराचे दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनीं त्या वर्षीं जानेवारींत न्यूयॉर्क येथें आपल्या व्यवसायबंधूंपुढें सोन्याची इन्ले ओतण्याची पद्धत मांडली. खळग्याच्या मापाचा मेणाचा तुकडा, त्याभोंवतीं साच्याची माती, उष्णतेनें मेण नाहींसें करणें, मग सोनें! फिलब्रुक नांवाच्या दुसऱ्या एका दंतवैद्यानें हीच कल्पना १८९७ मध्यें सांगितली होती, पण तिकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें.

मात्र यावरून ‘आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होतें’ असा निष्कर्ष कोणी काढूं नये. सुश्रुतानें दांतांच्या आठ रोगांत कृमिदंत सांगितला आहे, आणि ज्यांत दांत खापरीसारखा सुटतो ती कपालिकाहि सांगितली आहे. वाग्भटानें किडक्या दांताचें छिद्र गुळानें किंवा मेणानें भरून डाग द्यावयास सांगितलें आहे. म्हणजे छिद्र ठाऊक होतें, मेण ठाऊक होतें, आणि मेणावरून धातु ओतणेंहि ठाऊक होतें. परंतु मूर्तिकाराची विद्या व वैद्याची विद्या एकमेकींस भेटल्या नाहींत. शिवाय मूर्ति केसभर लहान झाली तर देवपण जात नाहीं. दाढेचा तुकडा केसभर लहान झाला तर त्या फटींत कीड शिरते. वितळलेलें सोनें थिजतांना शेंकडा सुमारें दीड भाग आकसतें. तेवढीच साच्याची माती फुगवून हा आकस भरून काढावयाचा, हें या शास्त्राचें खरें मर्म, आणि तें अलीकडच्या लोकांनीं प्रयोग करून मिळविलें आहे. १९८५ सालीं झुरिच येथें गणकयंत्राच्या साहाय्यानें चिनीमातीच्या ठोकळ्यांतून इन्ले कोरून ती त्याच बैठकींत बसविण्यांत आली. तेथें मेणाचीहि गरज उरली नाहीं.

द्रव्यें तीन. सोन्याचें मिश्रण सर्वांत जुनें. तें समोरच्या दांताला झिजवीत नाहीं व त्याची कड उत्तम मिळते, पण तें दिसतें आणि महाग पडतें. चिनीमातीच्या जातीचीं द्रव्यें, त्यांत हल्लीं लिथियम डायसिलिकेट नांवाचें बळकट द्रव्य पुष्कळ वापरतात, तीं दांताच्या रंगांत मिसळून जातात. तिसरें, तेंच राळेचें द्रव्य, बाहेर घडवून कठीण केलेलें. आकसावयाचें तें बाहेरच आकसून जातें, आणि तें तुलनेनें स्वस्त.

हा उपाय सर्वांना नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. खळगा लहान असेल तर साधें भरणेंच योग्य. तेथें इन्ले म्हणजे उगीच खर्च. कीड नसेपर्यंत गेली असेल तर आधीं रूट कॅनॉल करावें लागतें, आणि मग शिखरें झांकणारी ऑनले किंवा टोपी. ज्यांना झोंपेंत दांत खाण्याची खोड आहे त्यांनीं ती आधीं सांगावी. तडा हिरडीखालीं खोल मुळांत गेला असेल तर दाढ काढण्यावांचून बहुधा गत्यंतर नसतें. आणि ऑनले बसली म्हणजे घांसणें सुटलें असें नाहीं. जोडाच्या कडेला कीड पुन्हा लागूं शकते.

कीड लागतेच कां, हें नगर जिल्ह्यानें तरी विचारावें. प्रवरेच्या कांठीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्यानें १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि महाराष्ट्राला नवी वाट दिसली. आज त्याच लोणीस ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. संगमनेरास व नगरासहि दंत महाविद्यालयें आहेत. ऊंस व दंतवैद्य एका परिसरांत नांदत आहेत, हें पाहून हंसूं येतें. पण दोष उंसाचा नव्हे. दांतांत किडा नसतो; डोळ्यांना न दिसणारे जंतु असतात. तोंडांत साखर आली कीं ते तिचें आम्ल करतात, आणि आम्ल एनॅमल विरघळवितें. लाळ तें आम्ल हळूहळू शमविते, पण तिला अवधि हवा. म्हणून जेवणाबरोबर एक लाडू खाणारा मुलगा सुटतो, आणि दिवसभर दर तासाला एक गोळी चघळणारा सांपडतो. फ्लुओराइडयुक्त पेस्टनें दोन वेळां, विशेषतः निजण्यापूर्वीं, दांत घांसणें हा स्वस्त उपाय आहे. आणखी एक गोष्ट आयांनीं लक्षांत ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागें एक नवी दाढ येते. कोणताहि दांत न पडतां ती येते, म्हणून घरांत तिला दुधाचीच समजतात व किडली तरी ‘पडेल आणि दुसरी येईल’ म्हणून सोडून देतात. ती पडावयाची नसते. ती जन्माची असते. आमच्या नातवाची ती दाढ याच निमित्तानें तपासून घेतली.

दाढ बसली त्या संध्याकाळीं खर्च टिपावयास आम्हीं वही उघडली. ऑनलेचे आठ हजार रुपये झाले होते. जुन्या चांदीला किती पडले होते तें पाहावें म्हणून कपाटांतील जुन्या वह्या काढल्या. १९९४ च्या वहींत आमच्याच अक्षरांत दोन ओळी सांपडल्या. एक : ‘स्वतःची दाढ, चांदी भरणें, रु. १२०.’ आणि तीन महिन्यांनीं दुसरी : ‘सौ. दाढ काढणें, रु. ४०.’ १९९६ च्या वहींत पुन्हा : ‘सौ. दाढ काढणें, रु. ५०.’

आम्ही बराच वेळ त्या ओळींकडे पाहत राहिलों. पैसे नव्हते असें नव्हे; त्याच महिन्यांत सत्यनारायणाला व पाहुण्यांना याहून अधिक खर्च झाल्याचें तींच पानें सांगत होतीं. कोणी त्यांना दाढ काढा म्हणून आज्ञाहि केली नव्हती. चांदी भरावयास दोन-तीन खेपा लागत. काढून टाकणें एका खेपेंत होई. त्या वेळीं आमच्या मातोश्री अंथरुणाला खिळलेल्या. स्वयंपाक, सोंवळें, मुलांच्या शाळा, सर्व त्यांच्याच अंगावर. त्या आठवडेच्या आठवडे लवंग दाबून राहिल्या, आणि शेवटीं जें लौकर उरकेल तें करून आल्या. संध्याकाळचा स्वयंपाकहि त्यांनींच केला होता, हें आम्हांस आतां आठवलें. तेव्हां तें आम्हांस विशेष वाटलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यांना विचारलें, “तुम्ही कोणत्या बाजूनें चावतां?” त्या म्हणाल्या, “उजव्या. गेलीं तीस वर्षें उजव्याच.” त्यांना दंतवैद्यबाईंकडे नेलें. डाव्या बाजूस खालच्या दोन दाढा नाहींत, म्हणून त्यांच्यावरची दाढ खालीं उतरून आली आहे व शेजारची कलली आहे. उजव्या बाजूच्या एकटीवर तीस वर्षांचें ओझें पडून तिच्या जुन्या भरण्याशेजारीं तडा गेला आहे. बाई म्हणाल्या, आतांच ऑनले केली तर ही वांचेल. सौभाग्यवती लगेच म्हणाल्या, “एकाच महिन्यांत दोघांचें नको. माझें दुखत नाहीं अजून.” आम्हीं तेथेंच माप देण्याचा दिवस ठरवून घेतला. त्यांची ऑनले आतां बसली आहे. गेलेल्या दोन दाढांना मात्र कोंदण उरलेलें नाहीं; त्या जागीं खडा बसवावयाचा कशांत? तेथें दुसरे उपाय आहेत, पण ते मोठे, आणि मूळ दांताची सर त्यांना नाहीं.

एकत्र कुटुंबांत दुखणें बोलून दाखविणाऱ्याचें आधीं पाहिलें जातें, आणि न बोलणें हा ज्यांचा धर्म मानला गेला त्यांचें राहून जातें. तेव्हां आमची वाचकांस विनंति अशी कीं, या महिन्यांत एकदां सर्व मंडळी जेवावयास बसलीं असतां घरच्या कर्त्यानें ताटावरून नजर फिरवावी. ‘दाढ दुखते का’ असें विचारूं नये. त्याचें उत्तर ‘नाहीं’ असेंच येतें. ‘कोणत्या बाजूनें चावतां’ असें विचारावें. आणि जी एकाच बाजूनें चावते तिला, आपला नंबर लावण्यापूर्वीं, दंतवैद्याकडे घेऊन जावें.